‘लष्करी गरज’ ही मुभा की मर्यादा? फिनमार्कच्या जाळपोळीवरील निकालाविषयी प्रश्न

मृद्गंध

नमस्कार. मी विधी शाखेच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात सशस्त्र संघर्षाचा कायदा शिकत आहे. प्रबंधासाठी सध्या न्यूरेंबर्ग येथील ‘ओलीस खटल्या’चे, म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मन सेनापतींवर चाललेल्या एका खटल्याचे, निकालपत्र वाचते आहे आणि त्यातल्या एका आरोपापाशी अडले आहे, म्हणून येथे विचारते.

सप्टेंबर १९४४ मध्ये फिनलंडने सोव्हिएत संघाशी शस्त्रसंधी केल्यावर तेथील जर्मन सैन्याला उत्तर नॉर्वेमार्गे माघार घ्यावी लागली. जनरल लोथार रेंडुलिच यांच्या हाताखालील २० व्या पर्वतीय सैन्याने जाता जाता फिनमार्क हा प्रांत आणि त्याला लागून असलेला ट्रॉम्सचा उत्तर भाग सक्तीने रिकामा करवला आणि जाळून टाकला. सुमारे ५०,००० लोकांना घराबाहेर काढण्यात आले. राहती घरे, गुरांचे गोठे, शाळा, इस्पितळे, मासेमारीचे धक्के, काहीही मागे ठेवले नाही. पाठलागावर असलेल्या सोव्हिएत सैन्याला निवारा मिळू नये, हे त्यामागचे कारण सांगितले गेले. प्रत्यक्षात ते सैन्य किर्केनेस घेऊन थोडे पुढे सरकले आणि थांबले. ज्या पाठलागाच्या भीतीने एवढा मुलूख बेचिराख केला, तो पाठलाग झालाच नाही.

१९ फेब्रुवारी १९४८ च्या निकालात न्यायाधीश स्वतःच म्हणतात की मागाहून पाहता या विध्वंसाची लष्करी गरज नव्हती असा निष्कर्ष सहज निघू शकतो. तरीही आरोपीला त्या वेळी परिस्थिती जशी दिसत होती तशीच ती आम्हांला पाहिली पाहिजे, असे सांगून ते रेंडुलिच यांना या आरोपातून मोकळे करतात. माझी अडचण अशी की, याच निकालपत्रात दुसऱ्या एका ठिकाणी असेही लिहिले आहे की लढाई, किंबहुना युद्धही, हरण्याची पाळी आली तरी कायद्याचे नियम पाळलेच पाहिजेत. ही दोन विधाने एकाच लेखणीतून कशी उतरली? सेनापतीची भीती प्रामाणिक असली की त्याने काहीही जाळावे, असा याचा अर्थ होत असेल तर ‘लष्करी गरज’ हे कायद्याचे तत्त्व कसले, ती तर जाळपोळीला लावलेली सभ्य पाटी झाली.

कलमदान

मृद्गंध, तुम्ही नेमक्या जागी अडला आहात. तेथे न अडता पुढे गेलेले विद्यार्थी मी बरेच पाहिले आहेत. मी हा विषय काही वर्षे शिकवला आहे, तेव्हा उत्तर थोडे लांबेल.

प्रथम एक गैरसमज बाजूला करू. ‘गरज पडली तर कायदा बाजूला ठेवावा’ असे सांगणारे तत्त्व एके काळी खरोखरच मांडले जात होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील काही जर्मन लेखकांचे म्हणणे असे होते की युद्धाचे प्रयोजन हे युद्धाच्या रीतीपेक्षा वरचढ असते, म्हणजे प्राणांतिक प्रसंगी रीत मोडता येते. न्यूरेंबर्गच्या न्यायालयांनी हे म्हणणे फेटाळले. तुम्ही उद्धृत केलेले ‘युद्ध हरले तरी’ हे वाक्य त्या फेटाळण्याचाच भाग आहे. आधुनिक अर्थाने लष्करी गरजेची पहिली लेखी व्याख्या आपल्याला अमेरिकी यादवी युद्धात, २४ एप्रिल १८६३ रोजी निघालेल्या लीबर संहितेच्या चौदाव्या कलमात सापडते. युद्धाचे उद्दिष्ट साधण्यासाठी जे उपाय अपरिहार्य आहेत, आणि जे युद्धाच्या कायद्याला व रिवाजांना धरून आहेत, अशा उपायांची गरज म्हणजे लष्करी गरज, असा त्या कलमाचा आशय आहे. त्यातील ‘आणि’पाशी थांबा. उपाय अपरिहार्य असणे पुरेसे नाही, तो कायदेशीरही असला पाहिजे. म्हणजे गरज कायद्याच्या आत बसते, कायद्याच्या डोक्यावर नाही.

आता तुमचा खरा प्रश्न. युद्धाच्या कायद्यातील नियम दोन जातींचे असतात. काही नियम सरळ मनाई करतात: शरण आलेल्याला मारू नका, विष वापरू नका, छळ करू नका. तेथे गरजेचा शब्दही नाही, म्हणून तेथे गरजेचा बचाव चालत नाही, मग सेनापती कितीही प्रामाणिक असो. दुसऱ्या जातीच्या नियमांत खुद्द नियम करणाऱ्यांनीच एक खिडकी ठेवलेली असते. १९०७ च्या हेग नियमावलीतील २३ व्या कलमाचे ‘जी’ उपकलम शत्रूच्या मालमत्तेचा नाश करण्यास मनाई करते, पण युद्धाच्या निकडीने तसे करणे भागच पडले असेल तर ते वगळून. फिनमार्कचा आरोप या खिडकीच्या नियमाखाली होता. त्यामुळे न्यायालयाने कायदा मोडण्याची परवानगी दिली असे म्हणता येत नाही. कायद्यातच ठेवलेली खिडकी या प्रसंगी उघडी होती का, एवढेच त्याने तपासले. तुम्हांला विसंगत वाटणारी दोन विधाने अशी दोन वेगळ्या जातींच्या नियमांविषयी आहेत.

ती खिडकी न्यायालयाने फार रुंद उघडली का, हा मात्र रास्त प्रश्न आहे, आणि माझ्या मते उत्तर होकारार्थी आहे. निकालात तर असे तत्त्वही सांगितले आहे की मालमत्तेचा नाश आणि शत्रुसैन्याचा पाडाव यांच्यात काही वाजवी संबंध दिसला पाहिजे, केवळ नाशासाठी नाश हा गुन्हाच. हे तत्त्व उत्तम आहे. ते फिनमार्कला लावताना हात सैल सुटला.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. याच न्यायालयाने, अतिशय कडक अटींखाली का होईना, ओलिसांना ठार मारणे कायदेशीर असू शकते असे मानले होते. रेंडुलिच यांना बाल्कनमधील सूडाच्या हत्यांबद्दल दोषी धरले आणि वीस वर्षांची शिक्षा दिली, ती त्या अटी पाळल्या गेल्या नव्हत्या म्हणून. निकालानंतर दीड वर्षाच्या आत, १२ ऑगस्ट १९४९ रोजी, चौथ्या जिनिव्हा करारात ३४ वे कलम आले: ओलीस ठेवण्यास मनाई आहे. एवढेच वाक्य, पुढे ‘परंतु’ नाही. खिडकी भिंतीत चिणली गेली. लीबर संहितेच्या १७ व्या कलमाने शत्रूला, तो सशस्त्र असो वा निःशस्त्र, उपाशी मारण्याची मुभा दिली होती. जिनिव्हा करारांना जोडलेल्या १९७७ च्या पहिल्या अतिरिक्त प्रोटोकॉलच्या ५४ व्या कलमाने नागरिकांच्या उपासमारीची तीही खिडकी बुजवली. या कायद्याचा इतिहास वाचायचा तर कोणती खिडकी कधी बंद झाली, या क्रमाने वाचावा, असे मी विद्यार्थ्यांना सांगतो.

सुरुंगवाला

कलमदान सरांनी कायदा सांगितला, मी कामाची बाजू सांगतो. मी खडकीच्या बॉम्बे सॅपर्समधून, म्हणजे लष्कराच्या अभियंता दलातून, निवृत्त झालो. माघार घेताना मागचे उडवून देणे हे आमच्याच खात्याचे काम.

पूल उडवायचा असेल तर आम्हांला पहिला प्रश्न विचारला जातो तो असा की याने शत्रू किती वेळ अडेल. दोन तास, दोन दिवस की दोन आठवडे? नदीला शेजारी उतार आहे का? शत्रूकडे स्वतःचे पूलसाहित्य आहे का? महत्त्वाच्या पुलाचा सुरुंग ‘राखीव’ ठेवतात, म्हणजे दारू भरून तयार असते, पण ठिणगी द्यायचा हुकूम विशिष्ट अधिकाऱ्याच्याच तोंडून यावा लागतो, कारण आपली शेवटची तुकडी अजून पलीकडे असू शकते. उडवण्यामागे अशी मोजदाद असते. जेथे ती नसते तेथे गरज संपून सवय सुरू झालेली असते, हे माझे मत.

आता फिनमार्कबद्दल दोन गोष्टी, एक रेंडुलिच यांच्या बाजूची आणि एक विरुद्ध. बाजूची अशी की ध्रुवीय हिवाळ्यात छप्पर हेच युद्धसाहित्य असते. आपल्याकडे सियाचीनला राहून आलेल्या कोणालाही विचारा. छपराविना पुढे सरकणाऱ्या सैन्याला तंबू, इंधन आणि चुली पाठीवर घेऊन चालावे लागते आणि त्याचा वेग निम्म्यावर येतो. शिवाय दिवस आखूड होत चाललेले, थंडी कडाक्याची, विमानातून टेहळणी जवळपास अशक्य, आणि समुद्रातून पिछाडीला सैन्य उतरण्याची शक्यता डोक्यावर. निकालपत्रात हे सगळे नोंदले आहे. शत्रू थांबणार आहे हे आपल्याला आज नकाशावर दिसते. त्या रात्री ते कोणालाही दिसत नव्हते. तेव्हा ‘पाठलाग झालाच नाही’ हा मुद्दा, ताई, तुम्ही सोडून द्यावा. तो न्यायाचा नाही, पश्चातबुद्धीचा आहे.

विरुद्ध गोष्ट अशी. फिनमार्क हा डेन्मार्कहून मोठा मुलूख आहे. ज्या हमरस्त्याने आणि ज्या बंदरांतून सैन्य येईल तेथील छपरे जाळण्याचे कारण मला सांगता येईल. पण जेथे रस्ताच जात नाही अशा खाडीतली चार कोळ्यांची घरे आणि एक गोठा जाळून रशियाचे सैन्य किती तास अडले असते? कोणताही सॅपर अधिकारी हा हिशेब मांडू शकला नसता. मला वाटते न्यायाधीशांनी विध्वंसाला एक गठ्ठा म्हणून पाहिले आणि गठ्ठ्याला गरज होती का एवढेच विचारले. प्रत्येक छपराला वेगळे विचारायला हवे होते.

गरज आणि सोय यांतला फरक दोस्त राष्ट्रांचे सेनापती आयझेनहॉवर यांनी २९ डिसेंबर १९४३ च्या पत्रात इटलीतील आपल्या सेनापतींना सांगितला होता. ऐतिहासिक इमारत आणि आपल्या जवानांचे प्राण यांत निवड करायची वेळ आली तर प्राण अधिक मोलाचे, असे म्हणून ते पुढे बजावतात की ‘लष्करी गरज’ हे शब्द पुष्कळदा अशा जागी वापरले जातात जेथे लष्करी सोय, किंवा वैयक्तिक सोयसुद्धा, म्हणणे अधिक खरे ठरेल. पुढच्या सात आठवड्यांत मोंते कासिनोचा मठ बाँबखाली गेला.

त्या मठाखाली आपली चौथी भारतीय डिव्हिजन होती, म्हणून ही हकिगत आम्हांला जवळची. डिव्हिजनचे प्रमुख जनरल टकर यांना मठाच्या भिंती किती जाड आहेत हे वरिष्ठांच्या हेरखात्याकडून कळेना, तेव्हा त्यांनी नेपल्सच्या पुस्तकांच्या दुकानांतून १८७९ साली छापलेले एक पुस्तक शोधून आणले. भिंतीचा पाया निदान दहा फूट जाड आहे हे त्यांना त्यातून समजले. सैन्याच्या प्राणांची किंमत ठरवणारी माहिती जुन्या पुस्तकांच्या दुकानात मिळावी, हे आजही पचत नाही. हवाई हल्ला १५ फेब्रुवारी १९४४ ला झाला. पायदळाचा मोठा हल्ला मात्र त्या दिवशी तयारच नव्हता. त्या रात्री रॉयल ससेक्स या ब्रिटिश पलटणीची एकच कंपनी पुढे गेली आणि मागे रेटली गेली. मठात आसऱ्याला आलेले नागरिक मेले, आणि आधी मठाबाहेर असलेले जर्मन छत्रीधारी सैनिक नंतर त्याच ढिगाऱ्यात पक्के मोर्चे बांधून बसले. बाँबहल्ला आणि पायदळ यांची सांगड नसेल तर मठ पाडण्याचा आणि शत्रूच्या पाडावाचा संबंध कसा जोडायचा? हा प्रश्न मी जिंकलेल्या बाजूला विचारतो आहे, हे लक्षात घ्या.

उत्तरवारा

मी गेली अकरा वर्षे ट्रॉम्समध्ये राहतो. कायद्यातले मला कळत नाही, पण ज्या प्रांताविषयी येथे बोलणे चालले आहे तो डोळ्यांनी पाहिला आहे, तेव्हा थोडी भर घालतो.

हामरफेस्टला गेलात तर गावात १९४५ च्या आधीची इमारत शोधून पाहा. दफनभूमीतली प्रार्थनेची छोटी वास्तू तेवढी सापडते, कारण सारे गाव जाळून झाल्यावर तेवढीच उभी होती. होनिंग्सवॉगमध्ये चर्च उरले होते; युद्धानंतर परतलेली माणसे आधी त्या चर्चमध्येच राहिली. फिनमार्कभर एकाच धाटणीची, उतरत्या छपरांची, साधी लाकडी घरे दिसतात. पाहुण्यांना ती गोड वाटतात. ती युद्धानंतरच्या पुनर्बांधणीची घरे आहेत, आणि त्यांचे सारखेपण हेच मागे काही उरले नव्हते याचे लक्षण आहे. हामरफेस्टला या पुनर्बांधणीचे स्वतंत्र संग्रहालय आहे.

सगळे लोक गेलेही नाहीत. हजारो माणसांनी हुकूम मोडला आणि तो हिवाळा डोंगरातल्या गुहांत, गवती मातीच्या खोपटांत, उलट्या केलेल्या होड्यांखाली काढला. किर्केनेसजवळ ब्यर्नेव्हात्न येथे लोखंडाच्या खाणीच्या बोगद्यात सुमारे तीन हजार लोक लपले होते, आणि त्या बोगद्यात मुले जन्मली.

सुरुंगवाला साहेब म्हणतात की छप्पर हे सैन्याचे साहित्य असते. असेल. पण ते आधी त्या माणसांचे होते, आणि थंडी दोघांनाही सारखीच होती. सेनापतीच्या डोळ्यांनी परिस्थिती पाहावी, असे निकालात म्हटले आहे. बोगद्यातल्या बाळंतिणीच्या डोळ्यांनी ती पाहण्याची सोय या कायद्यात कोठे आहे, हे कोणी सांगितले तर बरे होईल.

मृद्गंध

तिघांचेही आभार. सुरुंगवाला साहेब, पश्चातबुद्धीचा मुद्दा मान्य. तो मी मागे घेते.

तरी एक शंका उरते. जर्मन सर्वोच्च सेनामुख्यालयाचे कारवाई-प्रमुख आल्फ्रेड योडल यांच्या निकालात, म्हणजे १९४६ च्या मुख्य न्यूरेंबर्ग खटल्यात, २८ ऑक्टोबर १९४४ च्या याच आदेशाचा उल्लेख त्यांच्याविरुद्ध आलेला आहे. उत्तर नॉर्वेतील सर्वांना बाहेर काढावे आणि त्यांची घरे जाळावीत, म्हणजे रशियनांना त्यांची मदत होणार नाही, असा तो आदेश. योडल यांना फाशी झाली, अर्थात कितीतरी इतर आरोपांसह. ज्या आदेशाची नोंद एका न्यायालयाने वरच्या माणसाच्या दोषांत केली, त्याच आदेशाची अंमलबजावणी करणारा दुसऱ्या न्यायालयात गरजेच्या नावाखाली सुटला, हे कसे? आणि ‘प्रामाणिकपणे वाटले’ व ‘वाजवीपणे वाटले’ यांत न्यायालये आज फरक करतात का?

कलमदान

आधी योडल. मुख्य खटल्यात नॉर्वे हा शेकडो आरोपांतील एक होता, आणि त्यावर गरजेचा युक्तिवाद स्वतंत्रपणे तपासला गेला असे त्या निकालपत्रातून दिसत नाही; दोनचार वाक्यांत विषय संपतो. योडल यांचा बचावही हा की आपला विरोध होता, पण हिटलरने हुकूम दिला. रेंडुलिच यांच्या बाबतीत मात्र तो एक स्वतंत्र आरोप होता आणि त्यावर साक्षी-पुरावे झाले. त्यामुळे दोन न्यायालयांनी एकाच प्रश्नाची दोन उत्तरे दिली असे मी म्हणणार नाही. एकाने प्रश्न विचारला, दुसऱ्याने विचारला नाही. तरी उल्लेख करण्याजोगी विसंगती आहे, ती प्रबंधात जरूर दाखवा.

दुसऱ्या शंकेचे उत्तर: होय, फरक करतात. १९४८ च्या निकालातच बीज आहे, कारण सर्व घटकांचा आणि उपलब्ध पर्यायांचा विचार करून घेतलेला निर्णय असा त्याचा शब्दप्रयोग आहे. केवळ मनात आलेली भीती नव्हे. पुढे माजी युगोस्लाव्हियासाठीच्या न्यायाधिकरणाने ५ डिसेंबर २००३ च्या गालिच निकालात कसोटी अशी मांडली की हल्ला करणाऱ्याच्या जागी असलेल्या, पुरेशी माहिती बाळगणाऱ्या आणि ती नीट वापरणाऱ्या वाजवी माणसाला काय दिसले असते. तो निकाल साराएव्हो येथील नागरिकांवरील गोळीबाराचा होता, मालमत्तेचा नव्हे, पण कसोटीचा कल कोणीकडे आहे ते त्यातून कळते. टकर यांनी दुकानातून पुस्तक आणले, त्याला म्हणतात माहिती नीट वापरणे. न आणता ‘मला वाटले’ म्हणणाऱ्याला आज तेवढा आसरा मिळणार नाही.

उत्तरवारा यांच्या बाळंतिणीला कायद्यात जागा आहे, पण ती १९४८ नंतर मिळाली. चौथ्या जिनिव्हा कराराच्या ५३ व्या कलमाप्रमाणे व्याप्त प्रदेशातील मालमत्तेचा नाश लष्करी कारवाईसाठी ‘सर्वथा आवश्यक’ असेल तरच चालतो. ५४ वे कलम, म्हणजे १९७७ च्या प्रोटोकॉलमधले, त्याहून पुढे जाते: धान्य, पिके, गुरे, पिण्याच्या पाण्याची साधने यांसारख्या जगण्यासाठी अत्यावश्यक वस्तू नष्ट करण्याची मोकळीक फक्त स्वतःच्या राष्ट्रीय प्रदेशाचे रक्षण करणाऱ्याला, तीही त्याच्या ताब्यातील भागात आणि निकडीच्या गरजेपुरती. परक्या देशातून माघार घेणाऱ्याला ती खिडकी नाही. इथिओपियाच्या विमानांनी इरिट्रियातील असाब बंदराला पाणी पुरवणाऱ्या हार्सिले जलाशयावर केलेले हल्ले याच तत्त्वावर या दोन देशांमधील युद्धाच्या दावे आयोगाने २००५ मध्ये बेकायदा ठरवले. फिनमार्कमधील गोठे आणि गुरे आज जाळली गेली तर रेंडुलिच यांचा बचाव त्या कलमासमोर उभा राहणार नाही. घरांचे मात्र तसे सरळ नाही. त्या कलमाच्या यादीत निवारा शब्दशः येत नाही. यादी संपूर्ण नाही असे मानून ध्रुवीय हिवाळ्यात तो आत घेता येईल, पण तो युक्तिवाद तुम्हांला करावा लागेल, तयार मिळणार नाही.

भारतापुरते सांगायचे तर आपण जिनिव्हा करार १९५० मध्ये स्वीकारले आणि १९६० च्या जिनिव्हा करार अधिनियमाने त्यांच्या गंभीर उल्लंघनांना देशात शिक्षापात्र केले. १९७७ च्या प्रोटोकॉलचे आपण पक्षकार नाही. तेव्हा आपल्या न्यायालयापुढे हा प्रश्न आलाच तर तो ५३ व्या कलमातील ‘सर्वथा’ या एका शब्दावर आणि ५४ व्या कलमाचे तत्त्व रूढ कायदा म्हणून कितपत बंधनकारक आहे यावर लढवला जाईल. प्रबंधाचे तिसरे प्रकरण तेथून सुरू करा, आणि सुरुंगवाला साहेबांचा ‘किती तास’ हा प्रश्न पहिल्याच परिच्छेदात घाला. त्याहून नेमकी कसोटी माझ्यापाशी नाही.